निरंकाचं शुद्धिपत्रक

नीला पोतनीसची हवामान बदल कक्षात बदली झाली, तेव्हा कचेरीतले लोक तिला अशा आवाजात "अभिनंदन" म्हणाले, की ऐकणाऱ्याला वाटावं बाईंच्या घरी काहीतरी वाईट झालं आहे. आणि कक्ष म्हणजे तरी काय हो! तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या बाजूची खोली. आदल्या वर्षापर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. त्या खुर्च्या हलवल्या, त्यातल्या त्यात धड असलेली एक मागे ठेवली, दारावर पाटी ठोकली आणि झाला कक्ष तयार.

पण नीला काही रडत बसणारी बाई नव्हे. चव्वेचाळीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, आणि त्याचं कोणाला वाईट वाटत असेल तर ते त्यांचं त्यांनी बघावं. पोतनीस म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरात लेखणी चालवलेलं घराणं. भोसल्यांचं राज्य गेलं, इंग्रज आले, इंग्रजही गेले, राजधानी मुंबईला गेली, पण पोतनिसांच्या घरातली लेखणी कोणी खाली ठेवली नाही. नीलाचे बाबा, गिरिधरराव, बडे बाबू म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला एकदाही शुद्धिपत्रक काढावं लागलं नाही, हे ते दूधवाल्यालासुद्धा सांगत. शुद्धिपत्रक म्हणजे आधीच्या कागदात अमुक चूक झाली, ती अशी दुरुस्त समजावी, असं सरकारी भाषेत कबूल करणं. पोतनिसांच्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरत.

नीलाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी एक जाडजूड फाईल येऊन पडली. तिच्या तळाशी पॅरिसचा करार होता, दहा वर्षांपूर्वीचा. साऱ्या देशांनी मिळून केलेला, की पृथ्वी तापते आहे, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या घरी जाऊन काहीतरी करायचं. त्याच्यावर दिल्लीचं पत्र, त्याच्यावर मुंबईचं, त्याच्यावर आणखी चार कचेऱ्यांची. प्रत्येकाने वर एक कागद जोडला होता, "पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव" असं लिहिलं होतं आणि गठ्ठा खाली ढकलला होता. असा ढकलला जात जात सगळ्या जगाचा तो करार नागपुरात जिन्याच्या बाजूच्या खोलीत पोचला. नीलाने सवयीने ढकलायला खाली कोण आहे ते पाहिलं. खाली कोणीच नव्हतं.

"म्हणजे आता हे आपल्यालाच करायचं आहे की काय?" ती म्हणाली, आणि तिला चक्क हसू आलं.

शेवटच्या पत्रातलं काम तसं सरळ होतं. उन्हाचा सगळ्यात जास्त त्रास होतो अशा बारा वस्त्या शहराने निवडायच्या, आणि मे लागायच्या आत तिथल्या टिनाच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा थर द्यायचा. पावसाने धुऊन जाणारा नव्हे, चांगला पाच-सहा वर्षं टिकणारा. निवड करायची ती गेल्या उन्हाळ्यात वॉर्डावॉर्डातून आलेल्या माहितीवरून. शुक्रवारी अकराला बैठक, त्याच दुपारी यादी मुंबईला. बुधवारी सकाळपर्यंत नीलाच्या यादीत अकरा वस्त्या बसल्या होत्या.

"मॅडम, आमची वस्ती कितव्या नंबरावर हाय?" हेमराजने चहा ठेवत विचारलं.

हेमराज हा कक्षाचा शिपाई. तो आणि नीला, एवढाच कक्षाचा पसारा. नंदनवनच्या मागे हातमाग वस्तीत राहणारा, कोष्ट्याच्या घरचा. तरुणपणी त्यानेही बापाबरोबर माग चालवला, मग नोकरी लागली. आता घरात फक्त त्याची आई अनुसयाबाई विणत होती. वस्तीत शंभरावर घरं, सगळी टिनाची. ती यादीत असणारच, असं धरून त्याने नुसता नंबर विचारला होता.

नीलाने यादी पाहिली. नव्हती. तिने गेल्या मे महिन्याचं त्या वॉर्डाचं पत्रक काढलं. उष्माघाताने मृत्यू: निरंक. दवाखान्यात भरती: निरंक. उन्हामुळे काम बंद पडलेली घरं: निरंक. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. कचेरीतला हा सगळ्यात लाडका शब्द. एकदा लिहिला की विषय मिटतो, कोणी पुढे काही विचारत नाही. खाली वळणदार सही होती, पोतनिशी थाटाची.

सही तिचीच होती.

तिला तो दिवस आठवला. तेव्हा ती त्या वॉर्डाच्या टेबलावर होती. साडेतीनला फोन आला, चारपर्यंत माहिती पाठवा. तिने पहिल्या रकान्यात निरंक लिहिलं आणि त्याच हाताने खाली आणखी दोनदा. पाच मिनिटांत पत्रक रवाना. वेळेत माहिती देणारं पहिलं टेबल म्हणून तिचं कौतुकही झालं होतं.

हेमराजने सही पाहिली. आधीच्या टेबलापासून दोन वर्षं तिच्या सह्यांचे कागद वाहणारा माणूस, त्याला काय ओळखू येणार नव्हती? पण कप उचलताना एवढंच म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. तसंही मायनं ठरवलं हाय. उन्हाळ्यात धागा टिकत नाही, जीवही टिकत नाही. येत्या रविवारी मागाचा खड्डा बुजवून फरशी टाकतो. रेती आणून ठेवली मी."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नीलाने फाईल मिटली.

"हेमराज, गाडी काढ," ती म्हणाली.

"आत्ता? दोन वाजून राहिले, मॅडम!"

एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी दोनला कोणी शहाणा माणूस बाहेर पडत नाही. नीलाने तोंडाला ओढणी गुंडाळली, पर्समध्ये ऊन लागू नये म्हणून बाबांनी कोंबलेला कांदा आहे ना ते पाहिलं आणि हेमराजच्या मागे बसली. रस्ते असे रिकामे, की सिग्नलसुद्धा उगाच लाल-हिरवे होत होते.

अनुसयाबाईंचं घर म्हणजे एक लांबट खोली. मध्ये माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाई काठावर बसलेल्या, हातात धोटा इकडून तिकडे पळतो आहे. पाय गार आणि डोक्यावर टिनाचा तवा. नीला दारात उभी राहिली आणि तेवढ्यात टच् करून धागा तुटला. बाईंनी न चिडता दोन बोटांनी तो गाठला, शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळल्या आणि पेन्सिलीने चौकोनात एक रेघ ओढली.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या. "या, बसा मॅडम. पाणी दे रे हेमराज."

"हे काय लिहिता तुम्ही?" नीलाने विचारलं.

"बारा ते चार किती धागे तुटले, ते. ऊन कोरडं असलं का धागा कडक होते, लगेच तुटते. ज्याचा हात चांगला त्याचे कमी तुटते. सुभद्रीशी पैज हाय ना माही! वीस वर्षं झाली."

आपलं नाव ऐकून शेजारच्या दारातून सुभद्राबाई आल्याच. ठेंगण्या, गोल, कमरेला पदर खोचलेला. "सांग वं सांग, मॅडमले खरं सांग! मागच्या वर्षापासून कोण जिंकून राहिलं?"

"जिंकून राहिली म्हणे!" अनुसयाबाईंनी धोटा खाली ठेवला. "चिटिंग करून राहिली हे, मॅडम! पोरीच्या लग्नात घर पोतायले चुना आणला, उरला तो जावयानं टिनावर ओतला. तवापासून हिचा धागा तुटेच ना! हे का हाताचं काम हाय? हे चुन्याचं काम हाय!"

"मंग तू बी टाक ना चुना! तुले कोण धरून ठेवलं?"

"काहून टाकू? मी हातानं जिंकीन, नाही तर माग बुजवून टाकीन. पण चुन्यानं नाही जिंकायची!"

हेमराज कपाळाला हात लावून म्हणाला, "दहा वेळा म्हटलं मॅडम, मी टाकतो चुना. आयकतच नाही माय."

नीलाला हसू दाबता येईना. हसता हसता तिने खिळ्याला अडकवलेली जुनी कॅलेंडरं उतरवली. मग सुभद्राबाईंची मागवली. दोन्ही मांडीवर घेऊन चाळायला लागली आणि तिचं हसू हळूहळू थांबलं. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल: रोजचे सरासरी एकीचे अडतीस, दुसरीचे चाळीस. दोन वर्षांपूर्वी: चाळीस, एकोणचाळीस. हात सारखे, घरं सारखी, ऊन सारखं. मग गेल्या वर्षीचं लग्न, चुना, आणि त्या मे महिन्यात अनुसयाबाईंचे बेचाळीस, सुभद्राबाईंचे सतरा. अनुसयाबाईंच्या मे महिन्यातले बावीस चौकोन तर रिकामेच होते.

"हे रिकामे काय आहेत?"

"माग बंद. बसवलंच नाही. चक्कर येई."

त्या बावीस दिवसांतल्याच एका दिवशी, पंख्याखाली बसून, नीलाने 'काम बंद पडलेली घरं' या रकान्यात निरंक लिहिलं होतं. तिला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. तिथे टेबलावर काहीच नव्हतं, आणि इथे भिंतीवर तारीखवार सगळं लिहिलेलं होतं. विचारायला कोणी आलं नव्हतं एवढंच. मग तिने विचारलं, असं आणखी कोणी लिहितं का? तर वस्तीतल्या चौदा बाया लिहीत होत्या. सगळ्यांच्या आपसात पैजा होत्या.

"सगळ्या वस्तीच्या टिनांवर पांढरा थर दिला तर?" नीलाने अनुसयाबाईंना विचारलं. "सगळ्यांच्या, एकाच दिवशी. तर चालेल तुम्हाला?"

अनुसयाबाईंनी जरा विचार केला. सुभद्राबाईंकडे डोळे बारीक करून पाहिलं. "सगळ्यांच्या असन तर चालते. मंग बराबरीचा सामना होईन. मंग दाखवतो हिले."

संध्याकाळी हुडकेश्वरच्या घरी बाबा अंगणात पाणी शिंपडत होते. नीलाने ओढणी सोडली, पायरीवर बसली आणि एका दमात सांगून टाकलं, "बाबा, मी उद्या शुद्धिपत्रक काढते आहे. माझ्याच सहीचं."

गिरिधररावांच्या हातातला तांब्या तिरपा झाला आणि सगळं पाणी एकाच कुंडीत गेलं. "जूनमध्ये तुझी बढती आहे, नीले! साहेब खुलासा मागतील. आणि आपल्या घरात आजवर कोणी..."

"माहीत आहे. दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे." आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. बावीस रिकामे चौकोन, सतरा आणि बेचाळीस, रविवारी येऊ घातलेली फरशी, सगळं.

बाबांनी तांब्या खाली ठेवला. आता व्याख्यान येणार म्हणून नीला तयारीत बसली. पण ते खुर्चीवर टेकले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मी कधी शुद्धिपत्रक काढलं नाही, कारण मी कधी चुकलो नाही असं तुला वाटतं का गं? मी कधी बघायलाच गेलो नाही. टेबलावर बसून कागद कागदाशी जुळवला की बरोबरच दिसतो." मग त्यांनी चष्मा पुसला. "आण तुझा मसुदा. आता पोतनिसांचं पहिलं शुद्धिपत्रक निघायचंच असेल, तर ते तरी नीट निघू दे."

मग काय विचारता! दोघंजण जेवणाच्या टेबलावर तासभर भांडले. बाबा म्हणाले, "'नजरचुकीने' असं लिही, तशी पद्धत आहे, त्याने कोणावर काही येत नाही." नीला म्हणाली, "नजर तिथे गेली असती तर चुकली असती ना!" शेवटी वाक्य असं ठरलं: 'सदर वस्तीस भेट न देता माहिती पाठविण्यात आली होती.' गिरिधररावांनी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना त्यांचे डोळे चमकले. "छत्तीस वर्षांत असं वाक्य मी कुठल्याच फाईलमध्ये वाचलं नाही," ते म्हणाले, आणि दोन वाट्या आंब्याचा रस जास्त प्यायले.

शुक्रवारी बैठकीत साहेब, म्हणजे उपायुक्त विक्रम बोरकुटे, यादीवर सही करायला पेन उघडून बसले होते. बाजूला पुष्कर नावाचा तज्ज्ञ, मुंबईहून आराखडा तपासायला आलेला, लॅपटॉपमागे अर्धा लपलेला. नीलाने शुद्धिपत्रक पुढे सरकवलं. साहेबांनी वाचलं. कपाळावर आठी पडली.

"हातमाग वस्तीचं निरंक आलं होतं. रीतसर सही आहे. ही सही कोणाची?"

सगळ्यांनी आपापल्या कागदात डोकी घातली. नीला उभी राहिली.

"माझी, सर. मी न बघता लिहिलं. आता बघून आले."

"बघून आलात म्हणजे? आकडे कुठे आहेत? किती अंश, किती आर्द्रता? यंत्र लावलं होतं?"

"यंत्र नाही सर. माणसं आणली आहेत."

हेमराजने दार उघडलं. अनुसयाबाई आणि सुभद्राबाई आत आल्या. दोघींनी ठेवणीतली, स्वतः विणलेली लुगडी नेसली होती, आणि दोघींच्या काखेत सुतळीने बांधलेल्या कॅलेंडरांचे गठ्ठे होते. नीलाने त्यांना मोजून दोन वाक्यं शिकवून आणली होती. ती दोन्ही बाजूला राहिली, कारण कॅलेंडरातल्या रेघा म्हणजे तुटलेले धागे, असं नीलाने सांगताच साहेबांनी सहज विचारलं, "तुम्हा दोघींत धागे कमी कोणाचे तुटतात?"

"माह्ये!" दोघी एकदम म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं बैठकीचं इतिवृत्त कोणाला लिहिता आलं नाही. लग्न निघालं, जावई निघाला, चुना निघाला. अनुसयाबाईंनी मे महिना टेबलावर आपटला, सुभद्राबाईंनी त्यावर आपला मे महिना आपटला. लेखा विभागाचे गृहस्थ, ज्यांना कधी कोणी हसताना पाहिलं नव्हतं, ते रुमालात तोंड घालून हलत होते. आणि पुष्कर लॅपटॉप बंद करून टेबलाच्या या बाजूला आला होता. त्याने दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत राहिला.

"सर," तो म्हणाला, "माणसं उन्हापासून वाचली की नाही हे मोजायचं कसं, यावर देशोदेशीचे लोक परिषदा भरवून वर्षानुवर्षं वाद घालतात. इथे शेजारची दोन घरं आहेत, सारखे माग, सारखे हात. एका छपरावर चुना पडला, दुसऱ्यावर नाही. आणि दोघींनी रोज लिहून ठेवलं आहे. या अकरा वस्त्यांपैकी एकीकडेही इतकी चोख माहिती नाही."

"मंग!" अनुसयाबाई म्हणाल्या. "मी तेच सांगून राहिली का चुन्यानं जिंकली ते!"

"हौ, जिंकली! मान्य केलं ना हिनं, लिहून घ्या!" सुभद्राबाईंनी टाळी वाजवली.

साहेब इतके हसले की त्यांना पाणी मागवावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी शुद्धिपत्रक पुन्हा हातात घेतलं, 'भेट न देता' या शब्दांवर थांबले आणि नीलाकडे पाहिलं. "पोतनीसबाई, खुलासा मागायला हवा तुमचा. पण तुम्ही तो आधीच लिहून आणला." बाराव्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने हातमाग वस्ती लिहिली आणि समासात 'मान्य' म्हणून सही केली. मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: यापुढे निरंक माहितीसोबत भेटीची तारीख लिहावी. त्या एका ओळीने शहरातल्या किती टेबलांची झोप उडाली, ते पुन्हा कधीतरी मोजता येईल.

पुढच्या बुधवारी वस्तीत शिड्या लागल्या. सकाळी सहापासून सगळी वस्ती छपरांवर. गिरिधरराव लेकीच्या मागे लागून आले होते. त्यांना कोणी वर चढू देईना, तर त्यांनी खालून "ती कडा राहिली, ती कडा!" असं ओरडून सगळ्यांना हैराण केलं. छत्तीस वर्षांची बघण्याची हौस ते एका सकाळी फेडून घेत होते. हेमराजच्या दारात फरशीसाठी आणलेली रेती होती. अनुसयाबाईंनी ती ओली करून त्यावर ओळीने माठ मांडले, आणि साऱ्या वस्तीने दिवसभर त्यातलं गार पाणी प्यायलं. फरशीचा रविवार तर केव्हाच येऊन गेला होता. खड्डा होता तिथेच राहिला.

मे संपत आला, तसा कचेरीत नेहमीचा फोन वाजला, "चारपर्यंत माहिती पाठवा." नीलाने घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. तिने पत्रक पर्समध्ये घातलं, कांद्याच्या शेजारी, आणि हेमराजला हाक मारली.

त्या दुपारी ती वस्तीतल्या प्रत्येक मागापाशी जाऊन उभी राहिली. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन होतं आणि घराघरातून धोट्यांचा आवाज येत होता, खटाखट, खटाखट, सगळ्या गल्लीभर. शेवटी ती अनुसयाबाईंच्या दारात आली. भिंतीवरच्या महिन्यात एकही चौकोन रिकामा नव्हता. आजच्या चौकोनात तेरा रेघा होत्या.

"आणि सुभद्राबाईंचे?"

"पंधरा!" अनुसयाबाई म्हणाल्या, आणि पलीकडच्या घरात ऐकू जाईल अशा बेताने पुन्हा म्हणाल्या, "पं-ध-रा!"

पलीकडून काहीतरी सणसणीत उत्तर आलं. नीला हसत हसत मागाच्या काठावर बसली, मांडीवर पत्रक उघडलं आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन नेलं. उन्हामुळे काम बंद पडलेली घरं. तिने शेजारी भेटीची तारीख घातली आणि वळणदार, ठसठशीत अक्षरात लिहिलं: निरंक.